उजव्या पानावर

एकतीस वर्षं मी फोन उचलला
लष्करच्या वीज तक्रार कक्षात.
"मॅडम, लाइट कब आएगी?"
जूनच्या रात्री दोनला, बारावीच्या पेपराआधी,
लग्नाच्या मांडवातून, एकदा एका बाळंतिणीच्या उशापासून.
मी सांगायची, फॉल्ट शोधतायत,
अर्ध्या तासात येईल.
अर्धा तास हा माझ्याच पदरचा.
लाइनमन कुठल्या खांबावर आहे
ते मला तरी कुठं ठाऊक असायचं.

आता भदौरिया ट्रॅव्हल्सच्या काचेच्या टेबलाअलीकडे
पर्स मांडीवर धरून मीच विचारते,
"पण दिसेल कधी? नक्की कुठल्या रात्री?"
समोरचा पोरगा गजक चघळत म्हणतो,
"आंटी, वो तो ऊपरवाले की मर्ज़ी।"
हे उत्तर मला सुचलं असतं
तर नोकरी किती हलकी गेली असती.

वही केली आहे. दोनशे पानी, रेघांची.
डाव्या पानावर खर्च: तिकीट, व्हिसा, विमा,
बुटांना लावायचे खिळे (बर्फावर घसरू नये म्हणून).
उजव्या पानावर अंधार.
चंद्र नको, म्हणून पंचांग काढून
पौषाची अवस, माघाची अवस, पुढे मागे चार-चार दिवस.
वहिनी म्हणाली, अवसेला कुणी प्रवासाला निघतं का?
म्हटलं, निघत नाही गं, पोचते.

ट्रॉम्सो.
भाचीनं तीनदा म्हणवून घेतलं,
तरी माझ्या तोंडून ते
एखाद्या आडगावच्या सबस्टेशनसारखंच येतं.

तिबेटी बाजारात पेमानं जाकीट झटकून दाखवलं.
"मायनस कितने का चाहिए?"
वीस.
ती खो खो हसली. "इतनी ठंड मैंने नहीं देखी, दीदी,
मैं तो मैनपाट में पैदा हुई।"
दोनशे रुपये कमी केले मात्र.

बरोबर येणार विमल तोमर, मीटर विभागातली.
तिची शंका एकच:
एवढा उजेड, हिरवा, जांभळा, आभाळभर सांडलेला,
त्याचं रीडिंग कोण घेतं?

जाकिटं तपासायला हवीत, असं ठरलं.
म्हणून जानेवारीतल्या अवसेला
विमलच्या पुतण्याची बोलेरो, थर्मास, मेथीचे पराठे,
मुरैना मागे टाकून
चंबळच्या अलीकडे बीहडांत.
मातीचे सुळके अंधाराहून जरा जास्त काळे,
खाली कुठंतरी नदी, तिचा आवाज नाही,
फक्त तिचा गारवा चढून वर येत होता.
पुतण्या गाडीत काचा लावून झोपला.
आम्ही दोघी सतरंजीवर, वीसचं जाकीट घालून,
चार अंशांत घामाघूम.

उत्तरेला क्षितिजापाशी एक फिकट पट्टा.
विमलनं माझं मनगट दाबलं. "वो क्या?"
धौलपूर, मी म्हटलं.
बघत राहिलो तरी. शेवटी उत्तरेचाच उजेड तो.

आणि तो गेला.
एकदम, कुणी पदर ओढून घ्यावा तसा.
"ट्रिप हुआ," विमल म्हणाली,
आणि माझा उजवा हात
आपसूक सतरंजीवर फोन चाचपू लागला.

मग तारे. किती, ते लिहिता येत नाही.
एक कोल्हा ओरडला, दुसऱ्यानं उत्तर दिलं,
मग तेही थांबले.
नदीपलीकडे आत्ता कुणीतरी नंबर फिरवत असेल,
पलीकडे कुणीतरी जांभई आवरून उचलत असेल.

"कब आएगी?" विमलनं विचारलं.
अर्ध्या तासात.
तिनं घड्याळ पाहिलं.

चाळीस मिनिटं लागली.
वरची दहा मिनिटं
आम्ही दोघींनी जाकिटाची चेन उघडून,
मान मागे टाकून, काही न बोलता घालवली.
ती वहीत मांडली आहेत,
उजव्या पानावर.